लग्नपत्रिका तपासणारा गृहस्थ

बर दुबईत खाडीजवळ रत्नागिरीकडच्या मुसलमानांची एक खाणावळ होती. खाली जेवण, वर गच्चीवर झोपणं. तिथला कायदा एकच: नव्या माणसासाठी त्याच्या मुलखातल्या कुणीतरी शब्द दिल्याशिवाय खाट नाही. शब्द मिळाला की मागोमाग नोकरीही मिळे, कारण पेढ्यांचे मालक माणूस घेताना खाणावळवाल्या चाचांनाच विचारत. मी गोव्याचा. मालवण आमच्या शेजारचं, म्हणून तिथल्या एका गलबतावरच्या तांडेलाने मला शब्द दिला होता.

गोवा मुक्त होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. एका शुक्रवारी दुपारी, कावळासुद्धा बाहेर पडणार नाही अशा उन्हात, कोट-टाय घातलेला एक गृहस्थ दारात येऊन उभा राहिला. मी त्याला पाहताक्षणी ओळखलं. त्याने मला ओळखलं नाही. अर्जदारांचे चेहरे लक्षात ठेवायची त्याच्या खात्यात पद्धत नव्हती.

आमच्याकडे पोर्तुगीज अमलात लग्नपत्रिकासुद्धा सरकारकडून तपासून घ्यावी लागे. लिस्बनचा हुकूमशहा गोव्यात एकदाही फिरकला नव्हता, पण आमच्या मुहूर्तांवर त्याची बारीक नजर असे. कचेरीत भिंतीवर त्याची तसबीर आणि तसबिरीखाली हा गृहस्थ, मराठी वाचता येतं म्हणून नेमलेला. माझ्या बहिणीच्या पत्रिकेत नवऱ्या मुलाच्या गावापुढे ‘हिंदुस्थान’ असं लिहिलं होतं. त्याने वडिलांना बोलावून घेतलं.

“सीमेपलीकडून वऱ्हाडी येणार आहेत की सत्याग्रही?”

“वऱ्हाडीच,” वडील म्हणाले. “मानपानावरून रुसतील, तेवढाच काय तो सत्याग्रह.”

विनोद मंजूर करण्याचा अधिकार साहेबांना नसावा. त्यांनी पोलिसांना कळवलं. पोलिसांनी भोकं पाडलेल्या लाकडी फळीने वडिलांच्या तळहातांवर मारलं. लग्नाच्या दिवशी त्यांना ओंजळ जुळवता येईना. कन्यादान काकांनी केलं. वडील सुजलेले हात उपरण्याखाली लपवून मांडवात बसले. आणि हा गृहस्थ सरकारी पाहुणा म्हणून पहिल्या पंगतीला आला, लाडू मागून घेऊन जेवला.

चाचांनी मला हाक मारली. “गोयंकार, तुझ्या मुलखातला दिसतोय. वळख हाय?”

“चांगली ओळख आहे.”

गृहस्थाचा चेहरा खुलला. “अहो, म्हणजे घरचंच माणूस भेटलं की! तुमचा एक शब्द झाला की माझं काम झालं. मुंबईत वर्षभर भटकलो हो, कुणी उभं करत नाही.”

“आधी जेवून घेऊ,” मी म्हटलं.

सगळे जेवायला बसल्यावर मी बोललो. पत्रिका, फळी, ओंजळ, सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही; घाई कसली होती? चाचांना मुली होत्या. कन्यादान म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगावं लागलं नाही. गृहस्थाचा हात भातातच थांबला.

“त्या काळी सगळेच असं वागत होते,” तो म्हणाला. “मी साधा नोकर. हुकूम वरून यायचा.”

“लाडू मागायचाही?”

कोपऱ्यात कुणीतरी फिस्सकन हसलं. चाचांनी माझ्याकडे पाहिलं. “मग, शब्द देतोस?”

“नाही.”

“खलास,” चाचा त्याला म्हणाले. “जेवण पुरं करा न् निघा.”

त्याने जेवण पुरं केलं नाही. मी मात्र त्या दिवशी दुसऱ्यांदा भात घेतला.

पुढच्या शुक्रवारी कळलं की त्याला खाडीपलीकडे, देऱ्यात एका मेसमध्ये जागा मिळाली आहे. मी अब्रात, खाडीतल्या उतारूंच्या होडीत, बसून पलीकडे गेलो, चहा मागवला आणि तीच हकिकत सांगितली. महिन्याभराने तो शारजाला गेला. शारजाला जायला तेव्हा धड रस्ता नव्हता, वाळूतून जीप हाडं खिळखिळी करी. तरी गेलो.

तिथे त्याने मला दारातच अडवलं. कोट गेला होता, टाय तेवढा राहिला होता.

“तुम्हाला माझ्याकडून पाहिजे तरी काय? माफी? घ्या, मागतो.”

“मला काही नको. मी फक्त तुमची ओळख करून देतो.”

“वडील आहेत का अजून?”

“आहेत. पेला दोन्ही हातांनी धरतात.”

मी त्याच्या बाजूने आत गेलो. आतल्या लोकांनी माझ्यासाठी सतरंजीवर जागा केली.

त्यानंतर तो बोटीने बहारीनला गेला. तिथे कुणीच आपल्याला ओळखत नाही, असं तो निघताना म्हणाला म्हणे. बहारीनमधली आपल्या लोकांची खाणावळ चाचांचे धाकटे भाऊ चालवत होते, आणि त्या बोटीवरचा एक खलाशी आमच्याच गच्चीवर झोपायचा.