पाचवं माप

चौघांची मापं घेऊन झाली आणि माझी पाळी आली. आधीच्या चौघांनी धरले होते तसे मी हात अंगापासून थोडे दूर धरले. टेलरने टेप उचलला, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि टेप परत गळ्यात अडकवला.

"तू आमच्या गावचा ना बे? खालच्या वस्तीतला? गवंड्याचा?"

"हो काका."

"मंग तुह्यं राहू दे. घरून जुना शर्ट आणून देजो. त्याच्यावरून शिवतो."

माझे हात तसेच राहिले. ते आता खाली घ्यायचे असतात, हे सुचायलाही वेळ लागला.

गोपाल हसला. तो माझा मित्र, त्या चौघांतलाच एक. "याले माप कायले पाहिजे काका? एका बाहीचं कापड गुंडाळा, सगळा आत बसते हा." मी फार बारीक आहे, म्हणून. सगळे हसले. माझंही तोंड हसलं.

टेलर हसला नाही. तो माझ्याकडे पाठ करून कापडाची घडी घालत होता.

ही गोष्ट मेहकरच्या आमच्या कॉलेजातली, याच वर्षीची. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. मला हे नीट लिहिता येईल की नाही, ठाऊक नाही. जे झालं ते झालं तसं सांगतो.

आम्ही पाच मुलांनी आसपासच्या गावांतल्या शेतांची माती तपासली होती. ते काम विद्यापीठात मांडायला आमची निवड झाली. मंचावर बोलणार मी. नमुने गोळा करत सगळ्यात जास्त मीच फिरलो होतो, आणि एरवी मी बोलताना अडखळतो, पण त्या मातीबद्दल अडखळत नाही, असं सर म्हणाले. पाचही जणांचे शर्ट एकसारखे हवेत असं ठरलं. रेडिमेड घ्यायचे की शिवायचे, यावर प्रयोगशाळेत बराच वेळ चर्चा झाली. रेडिमेड लगेच मिळतो, पण पाच जणांच्या मापात एकच रंग मिळेल याचा भरवसा नाही. शेवटी सर म्हणाले, "शिवलेलाच घेऊ. शिवलेला शर्ट अंगावर बसतो. माणूस ताठ उभा राहतो."

ते वाक्य मला फार आवडलं होतं. मी आयुष्यात कधी स्वतःच्या मापाचा शर्ट घातला नव्हता. टेलर कॉलेजात यायची मी वाट पाहत होतो.

हा टेलर मूळचा आमच्या गावचा. आता त्याचं मेहकरला काचेचं दुकान आहे. पण गावात त्याचा बाप शिवायचा, घराच्या ओट्यावर मशीन टाकून. मी तेव्हा लहान, चौथीत वगैरे. आईने शर्टपीस आणि एक जुना शर्ट हातात देऊन मला त्याच्याकडे पाठवलं. तो म्हणाला, "ठेव तिथं." तिथं म्हणजे ओट्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर. मी ठेवलं. मी बाजूला झाल्यावर तो उठला, खाली आला, कापड घेऊन वर गेला. जुना शर्ट फरशीवर पसरून त्याने मोजला. "दोन बोटं वाढवून टाकतो. वाढतं पोट्टं आहे."

मला वाटलं, शर्ट असेच शिवतात.

तो जुना शर्टही माझा नव्हता. माझ्या मामेभावाचा होता. मामेभावाचा उजवा खांदा उतरता, म्हणून माझ्या नव्या शर्टाचाही उजवा खांदा उतरता आला. पुढच्या वर्षी त्या शर्टावरून पुढचा शर्ट. मग त्याच्यावरून आणखी एक. शाळेत पोरं म्हणायची, "आला पाहा वाकड्या." माझा खांदा सरळ होता. पण शर्ट बरा दिसावा म्हणून मी उजवा खांदा वर उचलून चालायला शिकलो. अजून तसाच चालतो.

नंतर बाबांनी शिवून घेणं बंद केलं. मेहकरच्या बाजारातून ते रेडिमेड आणायचे. मला गळ्यात बरोबर असणारा शर्ट हाताला आखूड व्हायचा आणि हाताला पुरणारा शर्ट अंगात पिशवीसारखा व्हायचा. मग बाबा मोठाच आणायचे. आई ब्लेडने शिवण उसवायची, दोन्ही बाजू आत घ्यायची. मला वाटायचं, रेडिमेड स्वस्त पडत असेल.

कुणाच्या अंगाला टेप लावताना मी जवळून पाहिलं ते थेट त्या दिवशी प्रयोगशाळेत. चार वेळा पाहिलं. गळ्याचं माप घेताना टेलर टेपच्या आत स्वतःचं एक बोट घालायचा, कॉलर आवळू नये म्हणून. पाठीवर तळहात ठेवून म्हणायचा, "सरळ उभा राह्य बाबू." चार पाठींवर त्याने हात ठेवला. पाचवी पाठ माझी होती.

मला तो ओटा आठवला. ती पायरी आठवली. इतकी वर्षं ज्याला मी शर्ट शिवायची पद्धत समजत होतो, ती मला हात न लावायची पद्धत होती.

दुपारी मी सरांकडे गेलो. "सर, माझं माप टेपने घ्यायला सांगा त्यांना."

"शिवत नाही म्हणाला का तो?"

"नाही."

"मग? शर्ट मिळतोय ना तुला?"

मी त्यांना सगळं सांगितलं. ओट्यापासून. सर चांगले आहेत. आजवर माझ्यावर कधी आवाज चढवलेला नाही. ते टेबलावरचा पेपरवेट फिरवत ऐकत राहिले. मग म्हणाले, "हे बघ, तुला लागलंय, मला समजतं. पण दिवस थोडे राहिलेत. तू असं कर, त्याच रंगाचा रेडिमेड शोध. इथे नाही मिळाला तर मलकापूरला मिळेल, तिथे मोठी दुकानं आहेत. आल्टर करून घे. मंचावर लांबून कोण ओळखतंय?" आणि आवाज खाली आणून, "केस वगैरे काही डोक्यात नाही ना तुझ्या?"

मी केसचं नावही काढलं नव्हतं. मी शर्टाबद्दल बोलत होतो, आणि सर तोवर कॉलेजला माझ्यापासून वाचवायला लागले होते.

गोपाल बाहेर गाडीजवळ उभा होता. त्याला सांगितलं तेव्हा त्याचं तोंड उतरलं.

"मले खरंच माहीत नव्हतं बे."

"हाव."

"एक काम करू. मी त्याले सांगतो, मले दोन शर्ट पाहिजे, एक जरा तंग. तो तू घाल. त्याले काय समजते?"

"म्हणजे तुह्या मापाचा शर्ट मी घालू?"

"त्यात काय? आपण दोघं वेगळे हाव काय?"

"वेगळे नाही, तर मंग माह्यं माप काहून नाही घेतलं?"

गोपालने गाडीच्या आरशावरची धूळ बोटाने पुसली. "तू लय ताणून राह्यला भाऊ," म्हणाला आणि गाडी सुरू केली. तो मनापासून मदत करत होता. म्हणूनच त्याला कसं सांगावं ते मला कळेना. तोही मला दुसऱ्याच्याच अंगावरून बेतलेला शर्ट देत होता.

संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा बाबा मोरीवर बसून पायाचं सिमेंट घासत होते. मी सांगत गेलो. त्यांनी मान वर केली नाही.

"रेडिमेड घे," ते म्हणाले. "तुही माय आत घेऊन देते."

आई आतून म्हणाली, "बाजू होते घरी. बाही होते. खांदा नाही होत."

"बाबा, तुम्ही शिवून घेणं काहून बंद केलं होतं?"

त्यांनी तांब्या खाली ठेवला. "दुकानातला शर्ट विचारत नाही, तू कोणाचा, कुठचा. पसंत कर, घेऊन जाय."

"म्हणजे तुम्हाले माहीत होतं."

"माहीत नसाले काय झालं? माह्या लग्नाचा शर्ट त्याच्या बापानं असाच शिवला." मग म्हणाले, "तू तिथं बोलाले चालला. बोलून ये. शर्टापायी जागा सोडतं काय कोणी?"

मला बाबांचा राग आला नाही. मला त्या पायरीपासून दूर ठेवायचं त्यांना जेवढं जमलं तेवढं त्यांनी केलं. पण त्या दिवशी जेवायला बसलो आणि ताट बाजूला सारलं. माझ्या डोळ्यांसमोर फोटो येत होता. विद्यापीठाच्या मंचावर पाच मुलं, पाच आकाशी शर्ट. चार शिवलेले, एक रेडिमेड आत घेतलेला. कुणाला काही दिसलं नसतं. टेलरचं झाकून गेलं असतं, सरांचं झाकून गेलं असतं. आणि ते झाकण मी अंगात घालून उभा राहिलो असतो.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या दुकानात गेलो. बाकावर दोन गिऱ्हाइकं बसली होती.

"आणला काय जुना शर्ट?"

"नाही. मी आलो. माप घ्या."

"मले टेप लागत नाही. नजरेनं समजते. तुह्यं छत्तीसच्या आतच आहे."

"मंग या लोकायचंही नजरेनंच घ्या." मी बाकावरच्या माणसांकडे हात केला.

त्यातला एक म्हातारा कंटाळून म्हणाला, "घेऊन टाक ना बाबा त्याचं. कायले टाइम घालवतं?"

टेलर उठला. मला समोर आरशाकडे तोंड करून उभं केलं, हात न लावता, नुसत्या बोटाच्या खुणेने. मागे जाऊन त्याने टेप ताणला. आरशात मला दिसत होतं. टेपची दोन्ही टोकं त्याच्या चिमटीत, आणि टेप माझ्या पाठीपासून लांब, हवेत.

"सतरा," तो म्हणाला. "झालं."

"काका, टेप लागला नाही."

"लागला."

"आरशात दिसते काका. अंगाले लावा."

म्हाताऱ्याने माझ्याकडे पाहिलं, मग टेलरकडे पाहिलं, आणि त्याला समजलं. समजल्यावर त्याने खिशातून मोबाइल काढला आणि मान खाली घातली.

"दोन बुकं शिकला म्हणून लय शहाणा झाला काय बे?" टेलर म्हणाला. "तुहा बाप कधी तोंड वर करून बोलला नाही आमच्याशी."

"बाबांचं माप तुमच्या बापानं घेतलं नाही. माह्यं तुम्हाले घ्या लागन."

मला भांडता येत नाही, कधी भांडलो नाही. पण मी तिथून हललो नाही.

त्याने माझ्या वाट्याचं कापड काउंटरवर टाकलं. "हे घे आन् चालता हो."

"राहू द्या इथंच. त्याचा शर्ट व्हायचा आहे. मी उद्या येतो."

"उद्या दुकान बंद आहे."

"मंग परवा येतो."

बसस्टँडवर पोचतो न पोचतो तोच सरांचा फोन आला. टेलरने त्यांना कळवलं असणार.

"दुकानात जाऊन गोंधळ घातलास म्हणे. आता माझं ऐक. रेडिमेड घेऊन ये. नाहीतर तुझ्याऐवजी गोपाल बोलेल. हवं तर तूच सगळ्यांना सांग, तब्येत बरी नाही म्हणून. म्हणजे तुझंही नाव खराब व्हायला नको."

मातीच्या त्या कामात माझी दीड वर्षं गेली होती. लोणारची गाडी लागली होती, लोक मला धक्का देऊन चढत होते.

"नाही सर," मी म्हणालो. सरांना नाही म्हणायची माझी ही पहिलीच वेळ. "माझी तब्येत बरी आहे. नाव काढायचं तर काढा. पण कारण सांगून काढा, चौघांच्या समोर. मी आपणहून बाजूला होणार नाही."

सरांनी फोन बंद केला. नाव ठेवलं की काढलं, मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

दुकान उघडलं की मी तिथे जाणार आहे. त्यानंतरही जाणार. टेप अंगाला लावला तर त्या कापडाचा शर्ट घालेन. नाही लावला तर त्या रंगाचा रेडिमेड आणून, आत घेऊन, चौघांसारखा दिसायची धडपड मी करणार नाही. रोजचा चौकड्यांचा शर्ट घालून विद्यापीठात जाईन. नाव असेल तर मंचावर बोलेन. नाव काढलं असेल तर पहिल्या रांगेत बसेन.

कुणीतरी विचारेलच की चौघांचा एक रंग, तुझा वेगळा कसा. घाईत राहून गेला, असं मी म्हणणार नाही. आधी सरांच्या तोंडाकडे पाहणार नाही. सांगेन, यांच्या अंगाला टेप लावला, माझ्या अंगाला लावायला टेलरने नकार दिला. दुकान मेहकरला आहे. उघडं आहे.