कंट्रोलर मामांचा खोकला

लोह्याच्या बसस्टँडवर कर्णा बिघडला तरी कुणाची गाडी चुकत नसे. कंट्रोलर मामा खिडकीतून तोंड बाहेर काढून नुसत्या गळ्यावर "कंधाऽऽर, मुखेऽऽड" अशी आरोळी ठोकत आणि रसवंतीतली गिऱ्हाइकं अर्धा ग्लास टाकून पळत. गेल्या उन्हाळ्यात मामा गेले. आता तिथं रेकॉर्ड केलेली बाई बोलते. माझी गाडी दोनदा चुकली.

मी नांदेडहून रोज अप-डाउन करणारा मास्तर आणि जन्मजात नकलाकार. परतीच्या गाडीत मामांची नक्कल हा माझा रोजचा खेळ. पोळ्याच्या सुमारास त्यांना कोरडा खोकला लागला, तो मी लगेच नकलेत घेतला. गाडी हसून लोळली.

हे मामांच्या कानावर गेलंच. विडी विझवून त्यांनी मला खिडकीशी बोलावलं. "सर, माझी नक्कल करून राहिले म्हणं? मग नीट करा की! खोकल्यावर दम लागतो, ते ऱ्हायलं तुमचं."

मी सुधारणा केली. दसऱ्याला त्यांचा आवाज बसला, मीही बसवला. दिवाळीनंतर सदरा त्यांच्या अंगावर लोंबू लागला, मी ढगळ शर्ट मिळवला. संक्रांतीला "मुखेड" म्हणण्याआधी ते छाती दाबून थांबू लागले. त्या थांबण्याला तर टाळ्या पडल्या.

एकदा त्यांच्या रुमालावर लाल डाग दिसला. "पान खाल्लं व्हय मामा?"

"हाव," ते म्हणाले.

मामा पान खात नाहीत हे माझ्याइतकं कुणाला माहीत? तरी मी गाडीत चढलो. तेवढा डाग मात्र नकलेत घेतला नाही.

शेवटी मामी रडत शाळेत आल्या, तेव्हा मामांना घेऊन नांदेड गाठलं. तपासण्या झाल्या. फुप्फुसाचा कॅन्सर, बराच पसरलेला. "तीन आठवडे खोकला राहिला की दाखवायचं असतं," डॉक्टर म्हणाले. "हे कधीपासून?"

मामांना बोलवेना. मी सांगितलं. पोळा, दसरा, दिवाळी, संक्रांत. रुमालसुद्धा.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "इतकं बारीक पाहत होतात, मग आणलं का नाही?"

मी तपासण्यांचे कागद गोळा करू लागलो. मामांनीच माझी बाही ओढली. "सर... करून दाखवा ह्यांना. मला न्हाई जमत आता."

मी खोकलो. थांबलो. दम घेतला.

कुणी हसलं नाही. मामांनी फक्त मान डोलावली. "आता बराबर."