पाणी वाकडं का?

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही हो! दौंडच्या रेल्वे कॉलनीत दोन क्वार्टरमध्ये एका विटेची भिंत असली आणि आपले कान शाबूत असले, की ते इंजिनाच्या काजळीसारखे आपोआप साठतात.

माझ्या शेजारी सुजाता राहायची. नवरा फायरमन, आणि ही बीएस्सी, बीएड! तिच्या घरात एवढं शिकलेलं कुणी नव्हतं. तिला शाळेत लागायचं होतं. दोन शाळांनी "कळवतो" म्हणून सांगितलं, ते अजून कळवतायत! आता तिसऱ्या शाळेत नमुना पाठ द्यायचा होता. धडा नव्या अभ्यासक्रमातला, रेणूंचे आकार. सगळी तयारी माझ्या डोळ्यांदेखत झाली. म्हणजे, खिडकीतून.

*

एका सकाळी बघते तर तिच्या ओट्यावर बटाटा! त्यात खराट्याच्या चार काड्या खुपसलेल्या, आणि प्रत्येक काडीच्या टोकाला लिंबू. मी गारच पडले. हिच्यावर कुणीतरी करणी केली, म्हणून दारोदार सांगून आले. घटकाभरात ओट्यापुढं ही बायकांची गर्दी!

सुजाता पदर खोचून बाहेर आली. "अहो मावशी, हा मिथेन आहे!"

मी म्हटलं, "त्यो कुणी का असंना, आधी घराबाहेर काढ त्याला!"

त्या दिवसापासून रेणूंना लिंबं बंद, भिजवलेले हरभरे सुरू.

*

ती खडूनं फरशीवर अक्षर काढायची आणि भोवती ठिपके द्यायची.

"हे इलेक्ट्रॉन, मावशी. बहुतेकांना भोवती आठ लागतात. आठ झाले की समाधान."

"आन् ह्या बारक्याला?"

"हा हायड्रोजन. ह्याला दोनच. दोनावर सुखी!"

कुटुंब नियोजनाच्या नर्सबाई नेमक्या दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "कुठं राहतात हो हे? फोटो लावते दवाखान्यात!"

*

पाण्याचा रेणू सरळ नसून वाकडा का, हे मात्र माझ्या डोक्यात शिरेना. सुजाता म्हणाली, "इलेक्ट्रॉनची जी जोडी कुणाचाच हात धरत नाही ना, तीच सगळ्यात जास्त जागा अडवते. बाकीच्यांना रेटते."

"म्हंजी आमचे थोरले दीर! लगीन केलं न्हाई, आन् अख्खं अंगण त्यांच्या बाजेला!"

भिंतीपलीकडून आवाज आला, "ऐकू येतंय मला!"

*

पाठाच्या दिवशी नवऱ्याची ड्युटी, म्हणून सोबतीला मी. गाडीनं खुटबावला उतरून पुढच्या गावच्या शाळेत गेलो. वर्गात शाळेचे चेअरमन आबा आणि व्हाईस चेअरमन आप्पा बसलेले. सोसायटीच्या निवडणुकीपासून दोघांचं बोलणं बंद. खुर्च्यासुद्धा दोन टोकांना!

सुजातानं डबा उघडला. उकाड्यानं हरभऱ्यांना मोड आलेले, काड्या गळून पडलेल्या. रेणूंची उसळ झालेली! तिचा चेहरा उतरला. ही पण शाळा गेली, असं मला वाटलं.

मग तिनं माझ्याकडं बघितलं. "मावशी, उठा. तुम्ही ऑक्सिजन!"

दोन पोरींना हायड्रोजन केलं आणि माझा एकेक हात धरायला लावला. मी बुजगावण्यासारखी हात ताणून उभी.

"आबा, आप्पा, जरा मदत करता? तुम्ही मोकळ्या जोड्या. मावशींच्या मागं उभं राहायचं. हात कुणाचा धरायचा नाही."

दोघं उठले. पण एकमेकांच्या अंगाला अंग लागेल कसं! आबा डावीकडं सरकले, त्यांनी डावी पोर पुढं रेटली. आप्पा उजवीकडं सरकले, त्यांनी उजवी रेटली. दोन्ही पोरी माझ्या नाकापुढं!

"आता सांगा, पाणी वाकडं का?" सुजातानं विचारलं.

आबांचीच नात ताडकन उठली. "आबा आन् आप्पा एकमेकाजवळ उभं ऱ्हात न्हाईत म्हणून!"

सुजातानं खडू मुठीत घट्ट धरला.

आबांनी घसा खाकरला. मान वळवली. "आप्पा, बाई ठेवायची न्हवं?"

"ठेवा की! पर आता पाण्याची वाफ व्हायच्या आत बसू द्या!"