देवघरामागचं दार

माझी मैत्रीण विजयालक्ष्मी हिच्या घराचं पुढचं दार कित्येक वर्षं उघडलेलं नव्हतं. नवरा गेल्यावर तिनं त्या दाराला आतून लागूनच देवघर मांडलं, सकाळचा उजेड तिथेच येतो म्हणून. येणारेजाणारे सगळे बाजूच्या दारानं. तिच्याकडून मेतकूट, गोडा मसाला नेणाऱ्या बायकाही तिकडूनच. मी समोर राहते. पुढच्या पायऱ्यांवरचा बर्फ कुणी शोव्हल करून बाजूलासुद्धा काढत नाही, हे रोज बघते.

फेब्रुवारीत एका पहाटे पोलिसांनी तेच दार फोडलं. ना बेल, ना हाक. देवघर आडवं झालं, बाळकृष्ण सोफ्याखाली गेला, आणि विजया हात वर करून किचनमध्ये उभी. ड्रग्ज शोधत होते म्हणे. बेसमेंटमध्ये परीक्षित भाड्यानं राहायचा. नागपूरचा, कॉलेज संपवून ग्रोसरी स्टोअरमध्ये कामाला, पीआरला, म्हणजे या देशात कायमचं राहायच्या परवानगीला, अप्लाय केलेला. त्याला पालथा पाडून बेड्या घातल्या. सापडलं काय? मेतकूट. ते हुंगून बघितलं, बेड्या काढल्या आणि साधं सॉरीही न म्हणता गेले. "माहिती खात्रीची होती," एवढंच.

"पोलीस उगाच येतील का गं?" विजया मला विचारायची. मी म्हटलं, येतात की, त्यांना जाब कोण विचारणार? तिला काही पटेना. परीक्षित फोन आला की बाहेर का जातो, त्या काळ्या बॅगेत काय असतं, एकच भुणभुण. "काकू, माझी पीआरची फाइल सरकारकडे आहे, प्लीज या धाडीबद्दल कुणाला बोलू नका," असं तो बिचारा म्हणाला, तर त्याचाही हिला संशय. मराठी मंडळातल्या दोघींच्या कानावर तिनं घातलंच. मग एकदा तो कामावर असताना जादा किल्लीनं त्याची खोली उघडली आणि बॅगा उपसल्या. मिळाले थंडीचे थर्मल कपडे आणि आईनं दिलेली अंगाऱ्याची पुडी. परत आल्यावर त्याला कपड्यांच्या घड्या बदललेल्या दिसल्या. महिनाअखेर खोली सोडून गेला.

"बघ, पळाला की नाही?" ही मला म्हणाली. मला तिचा भयंकर राग आला, खोटं कशाला बोलू.

दार दुरुस्त झालं, देवघर पुन्हा तिथेच मांडलं. वकील केली मंडळातलीच, यामिनी. न ठोठावता घरात शिरायची परवानगी मागताना पोलीस न्यायाधीशापुढे शपथेवर जे लिहून देतात, ते तिनं उन्हाळ्यात मिळवलं आणि विजयाच्या किचनमध्ये बसून वाचून दाखवलं. अधिकारी लिहितो, मी स्वतः जानेवारीत दोन संध्याकाळी परीक्षितला पुढच्या दारातून लोकांना पाकिटं देताना पाहिलं.

"कुठल्या दारातून?" विजयानं विचारलं.

"पुढच्या."

ती उठून देवघरापाशी जाऊन उभी राहिली. "इथून? माझ्या देवांना ओलांडून?"

"आणि बाहेर गुडघाभर बर्फ होता," मी म्हटलं.

ती खालीच बसली. "मेला शपथ घेऊन खोटं बोलला गं."

यामिनीचं म्हणणं, कुणीतरी मसाल्याच्या पाकिटांबद्दल त्या अधिकाऱ्याच्या कानात काहीतरी सांगितलं असणार आणि यानं घरबसल्या 'मी पाहिलं' असं ठोकून दिलं. तक्रार केली आहे, चौकशी होईल म्हणतात. चौकशी करणारे कुणाचे मित्र असतील देव जाणे, मला तरी भरवसा नाही.

दुसऱ्या दिवशी विजयानं मला गाडी काढायला लावली. परीक्षितच्या नव्या बेसमेंटचं दार तिनं ठोठावलं आणि मेतकुटाचा डबा हातात धरून थांबली. त्यानं दार अर्धंच उघडलं. तिनं सगळं सांगितलं, रडली. "त्यांनी खोटं लिहिलं रे. परत ये."

"काकू, ते मला ओळखत नव्हते," तो म्हणाला. "आणि त्यांना दार तरी फोडावं लागलं. तुमच्याकडे किल्ली होती."

मेतकुटाचा डबा त्यानं घेतला. आत या, असं मात्र म्हणाला नाही.