बेरजेआधीची चाळण

रात्रीतून थंडी अशी उतरली होती, की दूध केंद्राच्या दाराची कडी हाताला चिकटत होती. बुरुलनं भट्टी पेटवली, रांगेतल्या बायकांचं दूध मोजलं आणि संगणकात चढवलं. गावात त्या यंत्राशी बोलणं जमायचं ते तिलाच.

किर्गिझस्तानातल्या नारीनच्या खोऱ्यात घरं धुरावर मोजतात. जितके धूर, तितकी घरं. महिन्याला शंभर लिटरच्या वर दूध घालणाऱ्या धुराला सहकारी संस्था हिवाळ्याचं गवत देते. थोडं घालणारे वगळ, असं अध्यक्ष मुकाशनं काल घाईत सांगितलं होतं. बुरुलनं वगळले. यादी दाराला लागली, आणि आज गवताची ट्रॉली निघणार होती.

रांग हटली तरी जिपार आपा उभीच. विधवा बाई, एकच गाय. भांडायला आली नव्हती. गवत नाही तर रविवारी गाय बाजारात नेते, म्हणाली.

"एवढंच सांग पोरी, मी दूध घातलंच नाही का?"

आपाचं दूध बुरुलनंच मोजलं होतं. आपा एका वेळी तीनच लिटर आणायची, पण दोन्ही वेळा, रोजच्या रोज.

ती परत संगणकाच्या पडद्यापुढे बसली. चूक दिसली. बेरीज व्हायच्या आधीच तिनं 'व्हेअर'ची अट लावून एकेका वेळची लहान मापं चाळून टाकली होती. आपाचं सगळं दूध तिथंच गळलं. तिनं ती अट काढली, धुरागणिक महिन्याचं दूध एकत्र केलं, आणि मग त्या बेरजेवर 'हॅविंग'ची, शंभर लिटरची अट लावली. आपा यादीत आली. तिच्यासोबत आणखी काही धूर आले.

मुकाश ट्रॉलीला दोर आवळत होता. ऐकून चिडला.

"डोकं कुठं चरायला सोडलं होतंस गं? आता काय माझ्या भावाच्या वाट्याचं चढवलेलं गवत उतरवू?"

"थोडं त्याचं, थोडं सगळ्यांचं, बाइके," थोरल्या भावाला हाक मारावी तसं बुरुल म्हणाली. "चूक माझी. पण गवत त्यांचं आहे."

त्यानं हातातला दोर टाकला आणि ड्रायव्हरला गाठी सोडायला सांगितलं.

आपा आभार न मानताच घरी गेली; गायीला पाणी पाजायचं होतं. बुरुल मात्र दारात थबकली. गेल्या हिवाळ्याची यादीही तिनं याच अटीनं काढली होती. तेव्हा विचारायला कुणीच आलं नव्हतं. कुणाकुणाची गाय गेली असेल, ते आता घरोघर जाऊन विचारावं लागणार होतं, आणि ते काम यंत्र करणार नव्हतं.

भट्टीवरचं पाणी तापलं होतं. तिनं बाह्या वर सारल्या आणि दुधाचे कॅन घासायला घेतले.