काखेखालची चार बोटं

पनवेलच्या पोलीस वसाहतीसमोर माझं शिलाईचं दुकान होतं. खाकी गणवेशावर हात बसलेला. नव्वदीच्या सुरुवातीला मुंबईतल्या गोळीबाराच्या बातम्या रोजच्याच झाल्या, तेव्हा कळंबोलीच्या लोखंड बाजारातला एक कारखानदार माझ्याकडे आला. त्याला पोलिसांसाठी बुलेटप्रूफ जाकिटं करून दाखवायची होती. पोलादी पत्रे तो कापणार, वरचं जाड कॅनव्हासचं कव्हर मी शिवायचं.

मापाला माणूस हवा होता. वसाहतीतले एक हवालदार, इथल्याच गावचे, रोज माझ्याकडे चहाला यायचे. त्यांनाच उभं केलं. पहिलं जाकीट चढवल्यावर ते पुढे वाकलेच.

"मास्तर, ह्याच्यात उभं ऱ्हाता येतंय, पन बंदूक खांद्याला लागत नाय. हात वर जाईल तवा ना!"

दोनदा पत्रा बदलून पाहिला. तिसऱ्यांदा मी काखेखाली खडूने खूण केली आणि दोन्ही बाजूंनी पत्रा चार-चार बोटं कमी करायला सांगितला.

"बाजू उघडी पडेल," कारखानदार म्हणाला.

"समोरून वाचला की झालं," मी म्हणालो. हे वाक्य माझं.

नवं जाकीट घालून हवालदारांनी हात वर केला, गुडघ्यावर बसून दाखवलं. "आता सदऱ्यासारखं हाय," म्हणाले. मला किती बरं वाटलं होतं!

चाचणीला जाकीट वाळूच्या पोत्यावर बांधून समोरून गोळ्या झाडल्या. पत्र्याला पोचे आले, भोक पडलं नाही. बघायला आलेल्या पोलीस साहेबांनी कारखानदाराशी हात मिळवला, आणखी जाकिटांची मागणी दिली. बाजूने गोळी झाडायचं कुणाला सुचलं नाही. मला सुचलं होतं. मी गप्प बसलो.

काही महिन्यांनी लपलेल्या एका टोळीला धरायला पथक गेलं, त्यात हवालदार होते. जाकीट त्यांच्याच मापाचं, म्हणून त्यांनाच पुढे ठेवलं. जिन्यावर ते वळले आणि गोळी डाव्या काखेखालून आत गेली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

मी कारखानदाराकडे धावलो. तशीच काखेखाली कापलेली आणखी जाकिटं पोलिसांच्या अंगावर होती. "आजच कळवू या," म्हटलं.

"कमी करायला तुम्हीच लावलंत ना? आता तोंड उघडलंत तर दोघंही अडकू."

तरी दुसऱ्या दिवशी मी एका साहेबांना जाऊन सांगितलं. त्यांनी फाईल उघडली, बंद केली. "चाचणीत पास आहे. तुम्ही टेलर आहात, टेलरच राहा." मी खाली मान घालून परतलो. पुन्हा गेलो नाही.

तेराव्यानंतर हवालदारांची बायको दुकानात आली. मला वाटलं, जाब विचारायला आली.

"भाऊ, ते सगल्यांना सांगत व्हते, मास्तरांनी माज्यासाठी लय मेहनत केली. एक टाका उसवला नाय बघा." तिने हात जोडले.

मी सांगायला तोंड उघडलं आणि "पाणी घ्या, वहिनी" एवढंच बोललो. ती पाणी प्यायली, पेला उलटा ठेवला, गेली.

महिन्याभरात तिला वसाहतीतली सरकारी खोली सोडावी लागली. टेम्पोत मी तिच्या ट्रंका चढवल्या, दोन्ही मुलींना उचलून पुढे बसवलं. तिने माहेरचा पत्ता कागदावर लिहून दिला, कधीतरी या म्हणाली. ते गाव तासाभराच्या वाटेवर आहे. इतक्या वर्षांत मी एकदाही गेलेलो नाही.