होन्नकेरेची नीरगंटी

होन्नकेरेच्या बांधावर कुणी चपला घालून चढलं की भागुबाईचा पारा चढायचा. मग तो पाहुणा असो, पुजारी असो की खुद्द गावचा पटेल. लोकांना वाटायचं, बांधावर देवी आहे म्हणून. देवी होतीच, कोपऱ्यात शेंदूर फासलेली. पण चपला काढायच्या त्या तिच्यासाठी नव्हेत. बांध तळव्यानं ओळखायचा असतो. माती कुठे मऊ लागते, कुठे नको तेवढी गार लागते, हे चामड्याला काय कळणार, कपाळ?

ही गोष्ट एकोणसाठ सालची. शहराच्या नव्या वस्तीचे, जयनगरचे, रस्ते तेव्हा आखले जात होते आणि त्यापलीकडे दोन मैलांवर हे होन्नकेरे तळं होतं. पाणी राखणाऱ्याला तिकडे कानडीत नीरगंटी म्हणतात. मोरी कधी उघडायची, कुणाच्या शेताला किती पाणी सोडायचं, बांधाला कुठे डागडुजी हवी, सगळं त्याच्याकडे. भागुबाईचा नवरा कृष्णाजी नीरगंटी होता. तो गेला तेव्हा पदरी मूल नव्हतं. पण पाण्याला सुतक कळत नाही. तेरावा व्हायच्या आधीच ही बाई त्याची काठी घेऊन बांधावर उभी राहिली.

गावानं तिला मानलं. सुगीला भाताचा वाटा तिच्या दारी यायचा, पाण्याच्या भांडणात तिचा शब्द शेवटचा असायचा. दप्तरात नाव मात्र कृष्णाजीचंच राहिलं. बाईमाणसाचं नाव तिथे कसं घालायचं? अशा रीतीनं मेलेला कृष्णाजी अकरा वर्षं सरकारदरबारी बिनबोभाट हजर होता.

आणि त्या माघात कागद आला. सरकार जुनी तळी तपासणार. ज्याचा बांध खचलाय, ज्याला बघणारा कुणी नाही, ते तळं फोडून सुकवायचं आणि तिथे घरांचे प्लॉट पाडायचे.

तपासायला हयवदनराव इंजिनिअर आले. धारवाडकडचे, घरात मराठी बोलणारे. यल्लाप्पा पटेल आदल्या दिवशीच भागुबाईला म्हणाला होता, “अक्का, उद्या तू घरीच राहा. साहेबाला मी सांभाळतो.”

“सांभाळ की. मी बांध सांभाळते,” ती म्हणाली, आणि सकाळी दोघांच्या मागे चालू लागली.

यल्लाप्पानं साहेबांना तळ्याभोवतीची सगळी वाट फिरवली. लुटारूंकडून गुरं सोडवताना पडलेल्या वीराचा दगड दाखवला, तो चारशे वर्षांचा आहे असं ठोकून दिलं. पुढे जांभळांची राई लागली, कमळाच्या पानांवरून पळणाऱ्या पाणकोंबड्या दिसल्या. साहेब खूश झाले. परत बांधावर आले, तेव्हा त्यांनी बूट काढले नाहीत आणि यल्लाप्पाची सांगायची छाती झाली नाही. मग बांधाच्या पायथ्याशी ओल दिसली आणि साहेब थबकले.

“बांध गळतोय,” म्हणत त्यांनी वही उघडली. यल्लाप्पाच्या तोंडचं पाणी पळालं.

“बूट काढा, साहेब,” मागून भागुबाई म्हणाली. “त्या ओलीत उभं राहा. मग काय ते लिहा.”

यल्लाप्पा डोळ्यांनी तिला दटावत होता. पण साहेबांना गंमत वाटली असावी. त्यांनी बूट-मोजे काढले आणि चिखलात उतरले.

“पायाखाली काय लागतं?”

“घट्ट आहे. वाळू लागतेय.”

“पाणी?”

“स्वच्छ आहे.”

“मग तो घाम आहे. मातीचा बांध घामेजतोच. गढूळ पाणी यायला लागलं, पाय रुतला, की समजायचं पोटातली माती चाललीय.”

साहेबांनी तिच्याकडे नीट पाहिलं. “म्हणजे बांधाला खोट कुठेच नाही?”

“छे छे!” यल्लाप्पा घाईनं म्हणाला.

नाही म्हटलं असतं तर तळं तिथेच वाचलं असतं. पण बांधाबद्दल खोटं बोलणं भागुबाईच्या जिभेला जमेना. “आहे,” ती म्हणाली. “चला.”

बांधावरच्या चिंचेखालची कोरडी, हिरवळीची जागा तिनं दाखवली. “आत्ताच बूट घालून इथून गेलात.” साहेबांनी अनवाणी पाय टेकला आणि त्यांची टाच बोटभर आत गेली. “खेकड्यांची बिळं. चिकणमाती ठोकून भरणं चाललंय. स्वल्प राहिलंय, परवापर्यंत होईल.”

“नीरगंटी जाणता दिसतो तुमचा,” साहेब यल्लाप्पाला म्हणाले. “कृष्णाजी ना? बोलवा त्याला.”

“तो होसकोट्याला गेलाय, साहेब. बहिणीकडे.”

“मग आल्यावर कळवा. माणूस पाहिल्याशिवाय मी सही करणार नाही. नीरगंटी नसलेलं तळं आमच्या लेखी बेवारस.”

बेवारस हा शब्द भागुबाईच्या काळजाला डागणीसारखा लागला. अकरा वर्षांत एक सकाळ चुकली नव्हती; तापात फणफणतानाही ती बांधावर आली होती.

“ते होसकोट्याला नाहीत,” ती म्हणाली. “अकरा वर्षं झाली वारून. हे तळं मी राखते.”

यल्लाप्पानं मान खाली घातली. मग हात जोडून तो म्हणाला, “दप्तराची चूक माझी, साहेब. शिक्षा मला करा. पण अक्का बोलते ते सरी आहे, खरं आहे. सगळं गाव तिच्याच पाण्यावर जेवतं.”

साहेबांनी पेन काढलं. “ठीक. लिहितो. कृष्णाजीची विधवा...”

“थांबा,” भागुबाई म्हणाली. तिची मान ताठ होती. “त्यांचं नाव अकरा वर्षं लिहिलंत. आता माझं लिहा. भागुबाई.”

महिन्याभरानं शेरा आला. यल्लाप्पानं तो चावडीवर सगळ्यांसमोर खणखणीत वाचला: “होन्नकेरे. बांध मजबूत. तळे राखावे. नीरगंटी, भागुबाई.”

भागुबाईला वाचता येत नव्हतं. तिनं पदर सावरला आणि म्हणाली, “यल्लाप्पा, शेवटचं परत वाच.”